उपयोगाचा रकाना

पुंता अरेनासमध्ये वारा माजला की
चौकात दोर बांधतात, माणसांनी धरून चालायला.
तो दोर धरून मी एकवीस वर्षं
प्रयोगशाळेत गेले.
काम काय, तर काच धुणं, मासे मोजणं,
रक्ताच्या नळ्यांवर तारखा घालणं.

मासा साधाच. मोठ्या तोंडाचा, चिखलाच्या रंगाचा.
समुद्र उणे दोनला टेकला तरी
याचं रक्त गोठत नाही.
का, ते नेवेंका ब्राजिचला हवं होतं.
एवढंच हवं होतं.
(तिचा आजोबा दाल्मेशियाहून सोनं शोधत आला,
सापडली मेंढरं.
त्या घरात कुणाला घाई नव्हती.)

दर मार्चला सांतियागोहून अर्ज यायचा.
त्यात एक रकाना : उपयोग.
बाकीचं ती समासाबाहेर जाईतो भरायची
आणि इथे येऊन पेन कानामागे खोचायची.
एका वर्षी लिहिलं, 'मासा जगतो.'
त्या वर्षी पैसे आले नाहीत.
जुन्याच नळ्या उकळून वापरल्या आम्ही.

माझा भाऊ रोसामेल खेकड्यांच्या बोटीवर होता.
एका हिवाळ्यात त्याच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले.
मंगळवार, गुरुवार, शनिवार
यंत्र त्याचं रक्त धुतं.
मी म्हणते, धुणं आपल्या पाचवीलाच पुजलंय.
तो हसतो, सावकाश,
सुई हलू नये म्हणून.

मग इस्पितळातला डॉक्टर ओयार्सून आला,
टोपी हातात, कान लाल.
म्हणाला, किडनी उत्तरेतून निघते,
वाटेत विमानाला धुकं आडवं येतं,
बर्फाच्या पेटीत तिचे तास संपून जातात.
तुमच्या माशाकडे आहे का काही?

त्या रात्री नेवेंकाने रकाना भरला.
अक्षर जरा हललेलं होतं.
पैसे आले. नवं शीतयंत्र आलं, त्याचा खोकासुद्धा देखणा.

दोन वर्षं.
खाटिकखान्यातून मेंढीच्या किडन्या मी आणायचे,
कोटाच्या आत, छातीशी धरून.
माशाच्या रक्तातलं ते प्रथिन त्यांत भरायचं
आणि थंडी एकेक अंशाने खाली न्यायची.
उणे सहाला बर्फ झालाच.
आणि झाला तोही सुयांचा.
पेशी न् पेशी भोसकली गेली.
तबकात जांभळं पाणी.

ओयार्सूनने टोपी घातली.
मी तबक उचललं, नळ सोडला,
आणि मागून नेवेंकाचा आवाज,
शाळकरी पोरीसारखा :
'सुया! एर्मिंदा, अगं, सुयाच का?'

तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला.
खोटं कशाला सांगू.

तीन रात्री ती सूक्ष्मदर्शकाला चिकटून बसली.
माते करून ठेवला, तो निवला, पुन्हा केला.
चौथ्या दिवशी मला ओढून खुर्चीत बसवलं.
पाहिलं.
काळ्या पाण्यात एक सुई वाढत होती,
एकाच दिशेने, सरळ,
बाकीच्या बाजूंना कुणीतरी दटावल्यासारखी :
इकडे नाही. इकडे नाही.
सुंदर होती.
ती सुंदर होती याचा मला राग आला,
आणि राग आला तरी मी उठले नाही.

शनिवारी रोसामेलला सगळं सांगितलं,
मेंढी, तबक, तो पोरकट आवाज.
यंत्र घरघरत होतं.
'सुया मला माहीत आहेत,' तो म्हणाला.
मग बराच वेळ छताकडे बघत राहिला.
'पण पाणी अडतं कुठल्या बाजूला?'
मला सांगता येईना.
'विचारून ये,' म्हणाला. 'मला कुठे जायचंय?'

यंदाही मार्च आला, अर्ज आला.
नेवेंकाची नजर अधू झालीय, आता मी लिहिते.
बाहेर चौकात दोर ताणलेले.
यादीत रोसामेल चौदावा.
उपयोग, असं छापलंय, पुढे दोन ओळी रिकाम्या.

लिहिलं मी :
पाणी कुठल्या बाजूला अडतं
हे एक जण विचारतोय.
मंगळवारी त्याला सांगायचं आहे.